पाहुणे परतण्यापूर्वीं

माघ सरला, पळसास केशरी फुलें आलीं, म्हणजे घरोघरीं परीक्षेची घाई सुरू होते. नेमका याच दिवसांत एक थोर पाहुणा विदर्भाच्या तळ्यांवरून परतीच्या वाटेस लागतो. तो म्हणजे पट्टकादंब हंस. पांढऱ्या डोक्यामागें दोन काळे पट्टे, राखी अंग व पिवळे पाय ही त्याची खूण. वजन अवघें दोन-तीन किलो. परंतु तिबेट, मंगोलिया येथें पिलें वाढवून तो हिंवाळ्यासाठीं हिमालय ओलांडून येतो. पाठीवर बसविलेल्या यंत्रांनीं त्याच्या उड्डाणाची उंची ७,००० मीटरांहूनहि अधिक नोंदविली आहे. मार्चअखेर तो बहुधा परतलेला असतो.

त्यास कोठें शोधावें? जेथें पाणी ओसरून सपाट कांठ उघडा पडतो आणि जवळच हरभऱ्या-गव्हाचीं शेतें असतात, तेथें. बाभुळगावकडील बेंबळा, दिग्रसजवळील अरुणावती, पुसदकडील पूस व इसापूर हे विस्तीर्ण जलाशय धुंडाळावे. हा पक्षी बहुधा रात्रीं चरतो व दिवसा पाण्याकांठीं विसावतो. म्हणून त्याच्या रांगा पाहण्यास सूर्योदय किंवा सूर्यास्त हीच वेळ उत्तम.

कोणी म्हणेल, हा पाहुणा आमचा हरभरा खातो. तें खरें आहे. ज्याचें वर्ष एका पिकावर अवलंबून आहे, त्यास पक्षिप्रेमाचा उपदेश करणें आम्हांस शोभत नाहीं. त्यानें डबा वाजवून थवा उठविला तर त्यांत गैर कांहींच नाहीं. बंदूक व फासे यांची गोष्ट निराळी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस मनाई आहे. परंतु विसावलेल्या थव्यावर केवळ गंमतीनें दगड फेकणें हें आम्हांस अधिक लाजिरवाणें वाटतें. शेतकऱ्यास निदान कारण असतें. आपणांस तेंहि नसतें. दूरच्या प्रवासासाठीं या पक्ष्यास अंगांत चरबी सांठवावी लागते, आणि प्रत्येक व्यर्थ उड्डाणांत ती खर्चीं पडते.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, या धांवपळींतून एक पहाट मुलांस द्यावी. अभ्यासाचे दोन तास बुडतील. परंतु नकाशावरील हिमालय ओलांडून जाणारा जीव डोक्यावरून जातांना पाहणें हाहि भूगोलाचाच पाठ आहे. विद्यार्थिमित्रांनीं दुरूनच पाहावें, हळू बोलावें, आणि दिवस, ठिकाण व संख्या वहींत लिहून ठेवावी. पुढील वर्षीं त्या नोंदी ताडून पाहण्यास आम्हीहि उत्सुक आहों.