आधी शिकवू, मग निवडू

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. जांबोटी भागातील एक माता धाप लागलेल्या धाकट्या मुलाला घेऊन माझ्या दवाखान्यात आली. नेब्युलायझर लावला. यंत्र घरघरत होते, पण मुखवट्यातून औषधाचा फवारा काही येईना. परिचारिका बटण पुन्हा पुन्हा दाबत होती. सोबत आलेली बारा वर्षांची थोरली बहीण मुकाट्याने खाली वाकली, नळीवरून बोट फिरवीत गेली आणि एका जागी थांबून म्हणाली, "बाई, हवा इथनंच जायला लागलीय." नळीला बारीकशी चीर गेली होती. तेवढा तुकडा कापून नळी पुन्हा खोचली आणि फवारा सुरू झाला. मी मुलीचे कौतुक केले, तेव्हा आई संकोचून म्हणाली, "कशाचं काय डॉक्टर, अभ्यासात बेताचीच आहे ती."

पुढे उन्हाळी सुट्टीत शहरात गुणवंत विद्यार्थ्यांसाठी रोबोटिक्सचे शिबिर भरणार असल्याचे समजले. मला ती मुलगी आठवली. चौकशी केली असता कळले की, वर्गातील पहिले तीन क्रमांक आणि इंग्रजीतील लेखी चाचणी या दोन कसोट्यांवर निवड होणार. साहजिकच तिला तेथे प्रवेश नव्हता. मी "बरे" म्हणून फोन ठेवला. तो "बरे" मला अद्याप टोचतो. प्रस्तुत लेख त्या टोचणीतून लिहीत आहे.

प्रथम रोबोटविषयी थोडेसे. चेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या 'आर. यू. आर.' या नाटकाने हा शब्द जगाला दिला. तो सुचविला त्यांचे बंधू योसेफ यांनी. मूळ चेक शब्दाचा अर्थ वेठबिगारी. या दोघा बंधूंचे वडील खेड्यात वैद्यकी करणारे डॉक्टर होते, हे आपल्या व्यवसायबंधूंना वाचून गंमत वाटेल. शिबिरातील रोबोट मात्र नाटकातल्यासारखा माणसाच्या रूपाचा नसतो. दोन चाके, दोन मोटारी, एक बॅटरी, काही संवेदक आणि आज्ञा साठविणारा एक छोटा फलक, एवढाच त्याचा संसार. पांढऱ्या कागदावरील काळ्या रेषेवरून त्याने आपले आपण चालावे, हा पहिला धडा. पांढरा पृष्ठभाग अवरक्त किरण परतवितो, काळा शोषून घेतो. त्या फरकावरून गाडी रेषेच्या कोणत्या बाजूला ढळली ते फलकाला समजते आणि तो एका चाकाची गती कमी करतो.

डॉक्टरांना हे अपरिचित नाही. संवेदक म्हणजे आपली ज्ञानतंतूंची टोके, फलक म्हणजे मज्जारज्जू, मोटार म्हणजे स्नायू. गुडघ्यावर हातोडी मारून आपण जी प्रतिक्षिप्त क्रिया पाहतो, तीच येथे तारांतून घडते. चूक मोजायची, तिच्या प्रमाणात दुरुस्ती करायची आणि पुन्हा मोजायचे, या तत्त्वावर शरीराचे तापमान आणि रक्तातील साखर स्थिर राहते. दुरुस्ती गरजेपेक्षा अधिक झाली तर गाडी रेषेवर डावी-उजवीकडे डुलू लागते. हे आम्ही महाविद्यालयात पुस्तकातून पाठ केले. बारा वर्षांचे मूल ते जमिनीवर पोटावर पडून स्वतःच्या डोळ्यांनी पाहते.

माझ्या मते या विषयाचे खरे मोल यंत्रात नाही, चुकीकडे पाहण्याच्या दृष्टीत आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी पोट दुखणारी मुले मी तीस वर्षे तपासते आहे. त्यांची सोनोग्राफी निर्दोष असते. दोष असतो तो चुकण्याच्या भीतीत. त्यांत "हुशार" म्हणून गावभर मिरविलेली मुले पुष्कळ. पेपरातील चूक लाल शाईने कायमची होते. रोबोट भिंतीवर आदळला तर तो कोणाला रागावत नाही आणि कोणाची भीडही ठेवत नाही. आज्ञा बदला, पुन्हा सोडा. जाँ पियाजे यांच्यासोबत जिनिव्हात काम केलेले गणितज्ञ सेमूर पॅपर्ट यांनी १९८० साली 'माइंडस्टॉर्म्स' या पुस्तकात हाच विचार मांडला. त्याच नावाचा रोबोट-संच लेगो कंपनीने १९९८ ते २०२२ या काळात जगभर विकला. पुस्तकाच्या आरंभी पॅपर्ट लहानपणी दातेरी चाकांनी आपल्याला कसे वेड लावले ते सांगतात. आपल्याकडे ती चाके उसाच्या रसाच्या चरकावर दिसतात. तेथे रस पिणारी मुले पुष्कळ. चाके निरखत उभे राहणारे मूल एखादेच. त्या एखाद्याला आपण कसे शोधणार, हा खरा प्रश्न आहे.

एकाच कसोटीवर विसंबणे किती फसवे ठरते, याचे उदाहरण सर्वश्रुत आहे. अमेरिकेत १९२१ साली लुईस टर्मन यांनी बुद्ध्यंकाच्या आधारे सुमारे दीड हजार प्रज्ञावंत मुले निवडली आणि आयुष्यभर त्यांचा अभ्यास केला. विल्यम शॉक्ली आणि लुईस अल्वारेझ हे दोघे त्या चाळणीतून गळले. शॉक्ली यांना १९५६ साली आणि अल्वारेझ यांना १९६८ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. निवडलेल्यांपैकी ते एकालाही मिळाले नाही. पुढे १९७८ साली जोसेफ रेन्झुली यांनी सरासरीहून अधिक क्षमता, सर्जनशीलता आणि हाती घेतलेल्या कामाचा ध्यास, या तिन्हींच्या संगमाला प्रज्ञा म्हटले. क्षमता कागदावर थोडीबहुत मोजता येईल. ध्यास मात्र काम हातात दिल्याविना दिसत नाही.

मराठी मुलुखाला ही वाट नवी नाही. पुण्यात १९६२ साली डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली. बुद्धिमंत मुलांचा शोध आणि त्यांची समाजाशी बांधिलकी, ही दोन्ही सूत्रे तिने एकत्र गुंफली. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेली खेड्यातील मुले तेथे हाताने काम करीत शिकली, आणि अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने २००२ साली त्याच खेड्यात फॅब लॅब उभी राहिली. सरकारनेही २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब योजनेतून देशभरातील शाळांत अशा प्रयोगशाळा उभारल्या आहेत.

आपल्या भागाची पार्श्वभूमी तर अधिकच अनुकूल आहे. बेळगावच्या उद्यमबागेत ओतकाम आणि यंत्रभाग घडविणारे कुशल हात आहेत. विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावातच आहे. खानापूरची माती कौलांसाठी आणि भांड्यांसाठी नावाजलेली. खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्था या गावी उभी राहिली, ती त्यामुळेच. भट्टीतील आच जाणता कुंभार ज्वाळेच्या रंगावरून ओळखतो. त्याच्याच नातवाने भट्टीला तापमापक संवेदक जोडून आजोबांचा अंदाज आणि यंत्राचा आकडा ताडून पाहावा, यापरता उत्तम रोबोटिक्सचा धडा कोणता? कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पावसाळ्यात कशी फुगते, हे आपण जाणतो. पाणी ठराविक खुणेपर्यंत चढताच घंटा वाजविणारे साधन सातवीतील मुले आठवड्याभरात तयार करू शकतील.

काही मित्र विचारतील, "जेथे कित्येक मुलांना धड वाचता येत नाही, मुलींच्या अंगात रक्त कमी आहे, तेथे हे लाड कशाला?" आक्षेप रास्त आहे. रक्तवाढीच्या गोळ्या मी रोज लिहून देते, आणि त्यांची जागा रोबोट घेणार नाही. पण कुपोषण पोटाचेच असते असे नाही. जिज्ञासेला वेळीच खाद्य मिळाले नाही तर तीही खुरटते, आणि त्याची नोंद कोणत्याही वाढीच्या तक्त्यावर होत नाही. शिवाय एक आठवड्याचे शिबिर फार खर्चाचे नाही. इटलीत २००५ साली जन्मलेला आर्डुइनो हा नियंत्रक फलक सर्वांना मुक्त असल्याने त्याच्या प्रतिकृती काही शे रुपयांत मिळतात.

म्हणून आपल्या संस्थेपुढे माझी नम्र सूचना अशी. येत्या मे महिन्यात सातवी-आठवीच्या मुलांसाठी आठ दिवसांचे शिबिर घ्यावे. पहिले दोन दिवस येईल त्या प्रत्येकाला दार उघडे असावे. गुणपत्रिका मागू नये. दोन दिवसांत कोण थकते आणि कोण जेवणाची घंटा विसरते, हे आपोआप कळेल. उरलेले सहा दिवस त्यांना द्यावेत. शिकविणे मराठीतून असावे. संवेदकाला इंग्रजी येत नसते. निम्म्या जागा मुलींना असाव्यात, आणि अखेरीस क्रमांक व बक्षिसे नसावीत. शिकवायला अभियांत्रिकीचे विद्यार्थी मिळतील, उद्यमबागेतील एखादे निवृत्त कारागीरही आनंदाने येतील.

आणि मुले शोधून देण्याचे काम आपले. तालुक्यातील प्रत्येक शाळेचे, प्रत्येक वाडीचे मूल कधी ना कधी आपल्यासमोर येते. स्टेथोस्कोप उघडून पाहू इच्छिणारे मूल आपल्याला ठाऊक असते. आपण त्याला "हात लावू नकोस" म्हणतो. यंदा त्याचे नाव एका वहीत लिहून ठेवू या. माझ्या वहीतील पहिले नाव त्या नळीवाल्या मुलीचे आहे. ती आता आठवीत गेली आहे, तेव्हा आपल्या हाती फार अवधी नाही.