रजा मोडली, तर कारण लेखी मागा



जमिनीच्या लढ्यात केसेस आपल्याला नव्या नाहीत. काहींना शिक्षाही होते. अशा माणसाच्या घरी आई आजारी पडली, पुरात भिंत खचली, तर नियमांनुसार तो पॅरोलवर, म्हणजे अभिवचन रजेवर घरी येऊ शकतो. मग ठाण्यातून अहवाल जातो, 'गावात राहिल्यास शांततेचा भंग होईल', आणि रजा रद्द होते. सोनपेठकडच्या वस्तीतल्या माणसाला वाटतं, साहेबाची सही झाली, संपलं.

संपत नाही. रजा देणं सरकारच्या हातात असलं तरी ती मोडताना मनमानी चालत नाही. घटनेच्या कलम 226 खाली उच्च न्यायालय असा हुकूम तपासू शकतं. परभणी जिल्ह्यासाठी ते औरंगाबाद खंडपीठ. मूळ गुन्ह्याचा खटला तिथं पुन्हा चालत नाही. कोर्ट एवढंच बघतं: हुकमाला कारण आहे का, आधार आहे का, माणसाचं म्हणणं ऐकून घेतलं का, नियम नीट लावला का.

2020 ची गोष्ट ध्यानात ठेवा. करोनात सरकारनं 8 मे रोजी नियम बदलून कैद्यांना तातडीची रजा दिली. सात वर्षांवर शिक्षा असेल, तर आधी दोनदा रजेवरून वेळेवर परतलेला असावा, ही अट. यावर बोट ठेवून कधीच रजेवर न गेलेल्यांनाही अडवलं. जो बाहेर गेलाच नाही, तो वेळेवर परतणार कुठून? मुंबई उच्च न्यायालयानं त्याच वर्षी सांगितलं, अशांना ही अट लावता येणार नाही.

म्हणून आमचं सांगणं असं. रद्दचा हुकूम आला तर लपू नका. फरारीचा शिक्का बसला की पुढची रजाही जाते आणि जामीनदारही अडकतो. तुरुंगात हजर व्हा, हजर झाल्याची नोंद करून घ्या, हुकमाची प्रत मागा. रजेत ठाण्यात हजेरी लावली असेल, तर त्याचा कागद जपून ठेवा. 1987 च्या कायद्यानं अनुसूचित जमातीच्या माणसाला आणि तुरुंगातल्या कुणालाही सरकारी खर्चानं वकील मिळतो. त्यासाठी परभणीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करा.

आणि ग्रामसभेनं गप्प बसू नये. शांतता गावाची आहे, तर ती मोडते की नाही हे गावानं ठराव करून लिहून द्यावं. कोर्टापुढं ठाण्याच्या कागदाशेजारी गावाचाही कागद असू द्या.

जिंदाबाद!