युद्धाची तयारी आणि रेशनकार्ड

७ मे २०२५ रोजी देशभर भोंगे वाजले, अनेक शहरांत दिवे मालवले गेले, लोकांना सुरक्षित जागी हलवण्याचा सराव झाला. नागरी संरक्षणाची ही उजळणी आवश्यकच होती. मात्र युद्ध लांबले तर घराघरांत चर्चा होते ती धान्याची, भावांची आणि मजुरीची. धान्य-भावांच्या या तयारीकडे दुर्लक्ष केले की काय होते, हे याच देशाने दुसऱ्या महायुद्धात सोसले आहे.

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी एकाही लोकप्रतिनिधीला न विचारता भारत युद्धात उतरल्याचे जाहीर केले. त्यानंतरची जमवाजमव प्रचंड होती. सुमारे दोन लाखांची फौज १९४५पर्यंत पंचवीस लाखांवर गेली, तीही सक्तीच्या भरतीविना. खडकीच्या कारखान्यात दारूगोळा तयार होत होता, जमशेदपूरच्या पोलादातून चिलखती गाड्या बनत होत्या. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४०मध्ये बंगळुरूत विमान कारखाना उभारला. माणसे आणि माल उभा करण्यात देश कमी पडला नाही.

प्रश्न होता पैशाचा. भारताबाहेरच्या मोहिमांचा मोठा खर्च ब्रिटनने उचलायचा, असा करार १९३९मध्ये झाला. पण ती रक्कम लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपात जमा होत राहिली आणि तिच्या आधारावर रिझर्व्ह बँक इथे नोटा छापत गेली. युद्ध संपेपर्यंत चलन सुमारे सहापट झाले. बाजारातला माल त्या प्रमाणात वाढला नव्हता. उलट त्यातला मोठा वाटा सैन्याकडे जात होता. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतून धनंजयराव गाडगीळ आणि सोवनी यांनी युद्धकालीन अर्थनीतीची चिकित्सा तेव्हाच मांडली होती. मुंबईत अर्थतज्ज्ञ चंदुलाल वकील चलनफुगवट्याबद्दल इशारा देत होते.

या महागाईचा घाव सर्वांत खोल बसला तो बंगालवर. १९४२मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिथला तांदूळ बंद झाला. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून सरकारने किनारी भागातला तांदूळ हलवला, दहापेक्षा जास्त माणसे वाहणाऱ्या होड्या जप्त केल्या किंवा मोडल्या. मासेमारी आणि नदीवरची वाहतूक बसली. ऑक्टोबरमध्ये चक्रीवादळ आले. तरीही १९४३मध्ये बंगालात १९४१पेक्षा अधिक तांदूळ उपलब्ध होता, असे अमर्त्य सेन यांनी दाखवले आहे. भाव मात्र काही महिन्यांत तिपटीच्या घरात गेले आणि मजुरी मागेच राहिली. कलकत्त्याच्या गिरणी कामगारांसाठी मालकांमार्फत स्वस्त धान्याची सोय झाली, कारण युद्धाला त्यांची गरज होती. भूमिहीन मजूर आणि कोळी या यादीत बसत नव्हते. मृतांचा अंदाज सरकारी चौकशी आयोगाने पंधरा लाख धरला. नंतरच्या अभ्यासकांनी तो तीस लाखांपर्यंत नेला.

त्याच वर्षी मुंबईत काय घडले? मेमध्ये शहरात रेशनिंग सुरू झाले. प्रत्येकाच्या नावावर ठरलेले धान्य, ठरलेल्या दराने. कलकत्त्याला ते मिळायला जानेवारी १९४४ उजाडावा लागला. सरकार एकच, युद्ध एकच. फरक होता तो वेळेवर घेतलेल्या निर्णयाचा.

खुद्द ब्रिटनने आपल्या नागरिकांसाठी हा निर्णय जानेवारी १९४०मध्येच घेतला होता. साखर, लोणी आणि डुकराचे खारवलेले मांस रेशनवर आले, तेही श्रीमंत-गरीब सर्वांना सारखे. त्याच वर्षी युद्धातल्या जादा नफ्यावर शंभर टक्के कर लागला. १९४१च्या डिसेंबरात स्त्रियांनाही सक्तीच्या राष्ट्रसेवेत घेतले गेले. जनतेने एवढा भार उचलला, कारण शेजाऱ्यालाही तो उचलावा लागत असल्याचे तिला दिसत होते. भारतात तो भार महागाईने वाटला, आणि महागाई नेहमी दुबळ्याच्या खांद्यावरच ओझे टाकते.

आज देश स्वतंत्र आहे, गोदामे भरलेली आहेत आणि गरजूंना धान्य मिळावे असा कायदा आहे. तरीही अन्नसुरक्षा कायद्याखालची लाभार्थ्यांची मर्यादा अजून २०११च्या जनगणनेवर बेतलेली आहे. त्यानंतर नव्याने झालेली किंवा गरिबीत ढकलली गेलेली कितीतरी कुटुंबे लाभार्थ्यांच्या यादीबाहेर राहतात. संकटात नव्याने याद्या करायला वेळ नसतो, हे २०२०च्या टाळेबंदीत पायी निघालेल्या स्थलांतरित मजुरांनी दाखवून दिले. म्हणून संरक्षणसज्जतेच्या आराखड्यात तीन गोष्टी आजच लिहिलेल्या असाव्यात: वाढलेल्या लोकसंख्येप्रमाणे रेशनची यादी, रेल्वे आणि बंदरे लष्कराला लागतील तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत धान्य पोहोचवण्याची सोय, आणि युद्धातून होणाऱ्या जादा नफ्यावरचा कर. संसदेने या तिन्हींवर शांततेच्या काळातच चर्चा करावी.