बंद दर्याचं बंदर

रेवदंड्याला जायचं तर आषाढात जावं, असं माझं ठाम मत आहे. दिवाळीनंतर गेलेला माणूस पुळणीवर बसतो, ताजी मासळी जेवतो आणि परततो. आषाढात समुद्र मातकट असतो आणि आभाळ इतकं खाली येतं की समोरचं कोर्लईचं टोकही पुसट होतं. मग पाय आपसूक गावाकडे वळतात, आणि पाहायचं असतं ते गावच.

अलिबागहून एसटीने निघाले ती आधी चौलला उतरले. रामेश्वराच्या देवळात सभामंडपाच्या फरशीखाली कुंडं आहेत. त्यातलं एक पर्जन्यकुंड. पाऊस रुसला की ते उघडायची इथली जुनी प्रथा. त्या दिवशी कुंड झाकलेलं होतं आणि बाहेरची पुष्करणी काठोकाठ भरली होती.

पुढे रेवदंडा. रस्ता किल्ल्याच्या तटातूनच गावात शिरतो. निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये हा कोट बांधायला घेतला. तो १७४० मध्ये मराठ्यांकडे आला. आता आत वाड्या आहेत, विहिरी आहेत, माणसं राहतात. चर्चच्या उभ्या भिंतीला लागून कुणाची सुपारी डोलते. सातखणी मनोऱ्याचे आता चारच खण उरलेत. पावसात त्याचा दगड काळाभोर होतो आणि भेगांतली पिंपळाची रोपं मात्र तकतकीत हिरवी दिसतात. ती पाहून पोटात कालवलं. उन्हाळ्यात सुकलेली वाटणारी ही मुळं पावसाळ्यात चिरा चिऱ्यापासून सोडवत असतात. ती वेळच्या वेळी काढायला हवीत. त्यासाठी फार पैसा लागत नाही, दरवर्षी आठवणीने येणारी माणसं लागतात.

खाडीवर होड्या वर ओढून शाकारून ठेवल्या होत्या. एक वयस्कर कोळी पडवीत फाटलेलं जाळं सांधत होते. ‘दर्या आता आमचा नाय, बाय,’ ते म्हणाले. ‘नारली पुनवेला नारल देऊ, मंग आमचा.’ यांत्रिक होड्यांना सरकारची बंदी १ जून ते ३१ जुलै असते, पण पावसाळ्यात दर्या बंद ठेवायची रीत सरकारपेक्षा कितीतरी जुनी.

चौल बंदर उभं राहिलं ते याच चक्रावर. अरबस्तान, इराणकडची गलबतं वाऱ्याचा हंगाम साधून येत आणि वारा फिरला की परतत. मधले चार महिने समुद्र कुणाचाच नसे. १४७० च्या आसपास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी विकायला एक घोडा घेऊन इथेच उतरला. पुढे घाट चढून तो जुन्नरला पोचला आणि पावसाळ्यात तिथेच अडकला. चार महिने रात्रंदिवस सगळीकडे पाणी आणि चिखल, असं त्याने लिहून ठेवलंय. रेवदंड्यात शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे. वाफाळणारा चहा घेऊन छत्रीखाली उभी असताना मला त्या माणसाबद्दल विलक्षण माया वाटली. घरी परतताना, स्मोलेन्स्कला पोचण्याआधीच तो वारला.

याच खाडीत मार्च १५०८ मध्ये इजिप्त आणि गुजरातच्या आरमारांनी मिळून पोर्तुगीजांना हरवलं. व्हाइसरॉयचा तरुण मुलगा लोरेन्सु द आल्मेदा मारला गेला. त्याचं जहाज निसटताना अडकलं ते मच्छीमारांनी पाण्यात रोवलेल्या खांबांत. बापाने पुढच्या वर्षी दीवला सूड घेतला, आणि अरबी समुद्रावर पोर्तुगीजांचा वचक बसला. पाठ्यपुस्तकांत दीव असतं, चौल सहसा नसतं. मला ते खांब रोवणारे कोळी महत्त्वाचे वाटतात. त्यांची नावं कुणी लिहिली नाहीत, पण त्यांचा धंदा त्याच पाण्यावर अजून चालू आहे.

दुपारी पाऊस जरा थांबला तेव्हा साळावचा पूल ओलांडून कोर्लईला गेले. किल्ल्याची वाट निसरडी होती, म्हणून वर न चढता गावातच रेंगाळले. इथल्या ख्रिस्ती घरांत अजून पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली बोली बोलतात. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षं झाली, तरी एका ओसरीवर दोघी बायका सुकट निवडत त्याच बोलीत गप्पा मारत होत्या. मी सुकटीचा भाव विचारला, तेव्हा त्या लगेच मराठीत आल्या आणि शेवटी मूठभर जास्तच घातली.