रोडगे आणि निबंध

बुलडाणा जिल्ह्यातल्या चौथीच्या मुलाने ‘माझी आई’वर दहा ओळी लिहाव्यात, हे आम्हां मराठीच्या अध्यापकांना रुचते; ‘रोडगे कसे भाजावेत’ हे त्याने लिहिणे मात्र रुचत नाही. ते म्हणे साहित्य नव्हे! मग दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला लेखनक्रियेचा समास आम्ही कशाला शिकवतो? लेखणी, शाई, ओळी, काना-मात्रा : ती निव्वळ कृतीच आहे. ‘गोवऱ्यांचे निखारे होऊ द्या, मग रोडगे ठेवा’ यातला ‘मग’ हुकला की रोडगा करपतो. आईवरच्या निबंधात काहीही हुकले तरी गुण मिळतात. पुढे हीच मुले आमच्या वर्गात येतात आणि त्यांना चार वाक्ये क्रमाने लिहिता येत नाहीत म्हणून आम्ही प्राथमिक शिक्षकांना बोल लावतो.