बरणीतल्या चहाला औषध म्हणू नका

गोड चहात यीस्ट आणि जिवाणूंची चकती सोडा, आठ-दहा दिवस बरणी फडक्याने झाकून ठेवा आणि रोज पेलाभर कोंबुचा प्या. मधुमेह, पित्त, सांधेदुखी सगळं मार्गी लागेल, असं एक आरोग्यप्रचारक रत्नागिरीत छातीठोकपणे सांगत फिरतात. चिनी लोक दोन हजार वर्षं पितात, हा त्यांचा हुकमी एक्का. जुनं ते गुणकारी असेल, तर तंबाखूही औषधच ठरेल. शरीरातलं विष धुऊन निघतं म्हणतात. कुठलं विष, ते सांगत नाहीत.

मधुमेहाचा दावा मात्र हसण्यावारी नेता येत नाही, कारण अशा बोलण्याला भुलून माणसं गोळ्या सोडतात. आधार दिला जातो तो 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाचा. त्यात माणसं होती 12. रोज 240 मिलीलिटर कोंबुचा, चार आठवडे. उपाशीपोटीची साखर सरासरी 164वरून 116वर आली, इथवर प्रचारक वाचून दाखवतात आणि कागद मिटतात. पुढे लिहिलंय, की तुलनेसाठी दिलेलं साधं पेय पिऊनही ती 162वरून 141वर उतरली होती. मग त्या उताराचं सगळं श्रेय कोंबुचाला कसं द्यायचं? मोठ्या चाचण्या हव्यात, असं खुद्द संशोधकच म्हणतात. शिवाय घरी लिटरभर चहात 50 ते 100 ग्रॅम साखर पडते. चकतीतले यीस्ट आणि जिवाणू ती सगळी संपवत नाहीत. जी संपवतात तिचं आम्ल होतं, थोडं मद्यही होतं. उरली किती, हे स्वयंपाकघरात कोण मोजणार? आणि हे मधुमेह्याच्या हातात द्यायचं!

कोकमाच्या वेळीही हेच झालं. त्यातल्या आम्लाने चरबी झडते, असं किती जणांनी ऐकवलं! तेच आम्ल असलेल्या मलबारी चिंचेच्या अर्काची 135 जणांवर 12 आठवडे केलेली चाचणी 1998मध्येच छापून आली होती. वजनात फरक पडला नव्हता. सोलकढी म्हणून काही वाईट ठरली नाही; ती जेवणात हवीच.

बरणीकडेही नीट बघा. चांगली चकती पांढरट, गुळगुळीत, घावनासारखी दिसते. आपल्या दमट हवेत तिच्यावर केसाळ हिरवे-काळे ठिपके आले, तर वरवर खरवडून वापरू नका, सगळं ओतून द्या. गरोदर बायकांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी घरचा कोंबुचा पिऊच नये.

आंबवलेलंच हवं असेल तर नाचणीची आंबील आहे. पीठ रात्रभर ताकात भिजवायचं, सकाळी शिजवायचं, निवल्यावर वरून ताक, मीठ, जिरं. शिजताना आधीचे जंतू मरतात, तेव्हा तिच्या नावानेही चमत्कार खपवू नयेत. पण 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पोट भरतं आणि खर्च थोडका.

कोंबुचाची चव आवडत असेल तर चवीसाठी जरूर प्या. मधुमेहाची गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका.