सायकल हेंहि वाहनच

जर्मनीच्या वायव्य भागांत म्यून्स्टर नांवाचें एक जुनें शहर आहे. तीस वर्षांच्या युद्धाचा शेवट करणारा १६४८ सालचा तह ज्या दोन नगरांत ठरला त्यांपैकीं हें एक, एवढें आपल्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस इतिहासावरून ठाऊक असेल. तेथील संत लांबर्ट यांच्या मंदिराच्या मनोऱ्यावर लोखंडाचे तीन पिंजरे अद्यापि लटकत आहेत. १५३६ सालीं देहदंड दिलेल्या तीन बंडखोर पुढाऱ्यांचीं प्रेतें त्यांत टांगलीं होतीं. अशा या गंभीर शहराची आजची कीर्ति मात्र तहामुळें नाहीं व पिंजऱ्यांमुळेंहि नाहीं. ती सायकलींमुळें आहे. वस्ती तीन लाखांवर, आणि सायकली माणसांहून अधिक, असें तेथील लोक अभिमानानें सांगतात. सायकलीस त्यांनीं 'लेट्से' असें आपलें खास लाडकें नांवहि ठेविलें आहे.

पूर्वींच्या तटाच्या जागीं आतां लिंडन वृक्षांच्या छायेंतून जाणारी सुमारें साडेचार किलोमीटरांची वर्तुळाकार वाट आहे. तिला प्रोमेनाड म्हणतात. तेथें मोटारीस मज्जाव आहे. सकाळीं आठाच्या सुमारास त्या वाटेच्या कडेस उभें राहिलें असतां विश्वविद्यालयाचे विद्यार्थी, मागच्या आसनावर मूल बसविलेली आई, कडक इस्त्रीच्या पोषाखांतील वकील, पाठीवर भलें मोठें वाद्य बांधलेली मुलगी, असे सर्व एकाच प्रवाहांत जातांना दिसतात. रेल्वे स्टेशनापुढें जमिनीच्या पोटांत १९९९ सालीं उघडलेलें सायकलींचें ठाणें आहे; त्यांत तीन हजारांहून अधिक सायकली राहतात, व दुरुस्तीची सोयहि तेथेंच आहे. हें सर्व पाहून आपल्याकडील पाहुणा म्हणतो, 'काय सुंदर रस्ते!' आणि घरीं परत येतो. माझ्या मतें त्यानें पाहावयाचें तें पाहिलेंच नाहीं.

जर्मन कायदा सायकलीस वाहन म्हणतो, व सायकलस्वारास वाहनचालक. शब्द लहान, परंतु त्याचे परिणाम फार दूरवर पोंचतात. आपल्याकडे सायकलस्वार म्हणजे बसून चालणारा पादचारी, अशीच बहुतेकांची समजूत आहे. म्हणून तो उलट्या बाजूनें येतो, तांबडा दिवा आपणांसाठीं नाहींच असें मानतो, आणि मोटार त्याला खेटून गेली तरी त्यांत कोणास कांहीं गैर वाटत नाहीं. कर्तव्य नाहीं म्हणून मान नाहीं, आणि मान नाहीं म्हणून कर्तव्याची आठवण नाहीं, असें हें चक्र वर्षानुवर्षें फिरत राहतें. तें कोठें तरी तोडावयाचें तर सायकलस्वारानेंच आधीं आपणांस वाहनचालक मानावें लागेल, असें माझें मत त्या शहरांत बनलें. आणि खरें सांगावयाचें तर तें दंड भरून बनलें.

मी तेथें सप्टेंबर-ऑक्टोबर महिन्यांत कांहीं आठवडे राहिलों होतों. ज्या घरीं उतरलों त्या घरच्या वृद्ध आजीबाईंनीं आपली जुनी सायकल मला वापरावयास दिली. मागच्या दिव्याची तार सुटली आहे हें मला आदल्या दिवसापासून दिसत होतें. परंतु आज बघूं, उद्यां बघूं, असें चाललें होतें. एके सायंकाळीं एका पोलीस अंमलदारानें मला थांबविलें. त्याला इंग्रजी चांगलें येत होतें. मी म्हणालों, रस्त्यावर विजेचे दिवे पुष्कळ आहेत, मला सर्व स्वच्छ दिसत आहे. तो शांतपणें म्हणाला, "तुम्हांला दिसतें, याविषयीं वाद नाहीं. तुम्ही इतरांना दिसतां काय, एवढाच प्रश्न आहे." वीस युरो दंड झाला. पंचवीसएक वर्षें मुलांना शिस्त शिकविणाऱ्या मास्तराला परक्या शहरांत भर रस्त्यावर ही शिकवणी मिळाली. खोलीवर जाऊन मीं प्रथम ती तार जोडली, मग जेवलों.

तेथें सायकलीस कोणत्या वस्तु असाव्यात हेंहि कायद्यानेंच ठरविलें आहे. पुढें पांढरा दिवा, मागें तांबडा. एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन ब्रेक. पेडलांवर व चाकांवर प्रकाश परतविणाऱ्या पट्ट्या. आणि खणखणीत वाजणारी घंटा. भोंगा लावण्यास मात्र परवानगी नाहीं! भोंगा वाजविल्यावांचून वाहन चालतच नाहीं अशी ज्यांची श्रद्धा आहे, त्यांनीं यावर थोडा विचार करावा. तांबडा दिवा असतां सायकल पुढें नेली तर साठ युरो दंड, शिवाय मोटारवाल्यांचे अपराध ज्या दप्तरांत लिहितात त्याच दप्तरांत सायकलस्वाराचेंहि नांव चढतें. रक्तांत मद्याचें प्रमाण हजारीं १.६ किंवा अधिक सांपडलें तर सायकल चालविणें हासुद्धां फौजदारी गुन्हा होतो. दुसऱ्या बाजूस, सायकलीला ओलांडून जाणाऱ्या मोटारीनें शहरांत निदान दीड मीटर व शहराबाहेर दोन मीटर अंतर राखलें पाहिजे, असें २०२० सालापासून नियमांतच लिहिलें आहे. पूर्वीं केवळ 'पुरेसें अंतर' एवढेंच लिहिलेलें असे, आणि पुरेसें म्हणजे किती हें ज्याचें त्यानें ठरवावें!

सर्वांत विलक्षण वाटला तो 'उजवा आधीं' हा नियम. तेथें वाहनें रस्त्याच्या उजव्या बाजूनें चालतात. ज्या चौकांत दिवा नाहीं, पाटी नाहीं, तेथें उजवीकडून येणाऱ्यास प्रथम जाऊं द्यावयाचें. मीं एका गल्लीच्या तोंडाशीं पाहिलें : उजवीकडून बारा-तेरा वर्षांची एक मुलगी सायकलवरून येत होती; डावीकडून एक भली मोठी काळी मोटार आली, थांबली. मुलगी उपकार मानण्यासाठींहि थबकली नाहीं. ती वळणार होती, म्हणून तिनें हात बाहेर काढून दाखविला आणि निघून गेली. मोटारींतील गृहस्थांच्या चेहऱ्यावर त्रासाची छटाहि नव्हती. आमचा शेजारी कोण, हा प्रश्न आपण मंदिरांत पुष्कळदां ऐकतों. त्या गल्लींत त्याचें उत्तर, उजवीकडून येतो तो, इतकें सोपें होतें.

ती मुलगी हें एका दिवसांत शिकली नव्हती. आठ वर्षें पुरीं होईपर्यंत मुलानें पादचाऱ्यांच्या पदपथावरून किंवा रस्त्यापासून वेगळ्या बांधलेल्या सायकलमार्गावरूनच जावयाचें. दहा पुरीं होईपर्यंत पदपथावरून जाण्याची मुभा. आणि पदपथ सोडून रस्ता ओलांडतांना उतरून सायकल हातानें न्यावयाची. मग प्राथमिक शाळेच्या चौथ्या इयत्तेंत, नऊ-दहा वर्षांच्या वयांत, पोलिसांच्या देखरेखीखालीं सायकलची परीक्षा होते. आधीं कागदावर प्रश्न, नंतर प्रत्यक्ष चालवून दाखविणें : मागें वळून पाहणें, हात दाखविणें, डावीकडे वळणें. ज्या देशांत वाहनें उजवीकडून जातात तेथें डावीकडे वळणें हेंच सर्वांत अवघड, कारण समोरून येणाऱ्यांस आडवें जावें लागतें. ज्यास धीर नसेल त्यानें सरळ चौक ओलांडावा, पलीकडच्या कोपऱ्यावर थांबावें, व मग दुसऱ्या रस्त्याबरोबर जावें, हेंहि त्या मुलांस शिकवितात. मी स्वतः शेवटपर्यंत दुसराच मार्ग पत्करला. लाज वाटली नाहीं.

आतां दुरुस्तीविषयीं. आपल्याकडे पंक्चर झालें कीं कोपऱ्यावरच्या दुकानीं सायकल टाकावयाची व चहा घेऊन परत यावयाचें. त्या कारागिराचें कौशल्य मोठें आहे, त्याला मी नमस्कार करतों. परंतु त्यामुळें आपल्या मुलांना आपल्याच वाहनाची ओळख राहिली नाहीं. तिकडे मजुरी फार महाग. म्हणून जेथें हत्यारें मिळतात पण काम स्वतःच करावें लागतें अशा कार्यशाळा निघालेल्या आहेत. मीं अशा एका ठिकाणीं ट्यूब नेली. तेथील गृहस्थानें पाना माझ्या हातांत दिला आणि स्वतःचे हात पाठीमागें बांधून उभा राहिला. ट्यूबला ठिगळ लावण्याची मला घाई. त्यानें ती माझ्या हातून काढून घेतली व आधीं टायरच्या आंतून बोट फिरवावयास सांगितलें. कांचेचा एक बारीक कण तेथें अद्यापि रुतलेला होता. तो न काढतां ठिगळ लावलें असतें तर दहा मिनिटांत पुन्हां तेंच! सोल्यूशन लावल्यावर तें सुकूं द्यावें, ओलें असतांना ठिगळ चिकटवूं नये, हेंहि त्यानें दोनदां बजाविलें. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, तो सोडवितांना पाना उलट दिशेनें फिरवावा लागतो, ही गोष्ट मला इतक्या वयांत प्रथमच कळली.

आणखी एक फजिती सांगतों. आपण उतारावर सायकल मोकळी सोडली कीं सवयीनें पेडल उलटे फिरवीत असतों. तिकडच्या पुष्कळ सायकलींस पेडल उलटे दाबलें कीं मागचें चाक थांबतें. ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यांतच बसविलेला असतो. श्वाइनफुर्ट येथील एर्न्स्ट झाक्स यांच्या कारखान्यानें १९०३ सालीं काढलेला 'टॉर्पेडो' तुंबा या जातीचा फार प्रसिद्ध झाला. मला हें ठाऊक नव्हतें. प्रोमेनाडवर मीं मोठ्या ऐटीनें पेडल उलटे फिरविले आणि चाक जागच्या जागीं थांबलें. मागून येणाऱ्या बाई घंटा वाजवून शिताफीनें बाजूनें गेल्या. त्यांनीं मागें अंतर ठेविलें होतें म्हणूनच मी आज हा लेख लिहीत आहें.

म्यून्स्टर म्हणजे स्वर्ग, असा कोणाचा समज होऊं नये. सायकलमार्ग असेल तेथें सायकलस्वारानें त्यावरूनच गेलें पाहिजे ही सक्ति जर्मनींत १९३४ सालीं, नाझी राजवटींत, नियमांत आली. मोटारींस रस्ता मोकळा मिळावा हा त्यांतील हेतु उघड होता. ती सैल होण्यास फार काळ लागला. १९९८ पासून जेथें निळी वाटोळी पाटी असेल तेथेंच सक्ति उरली, आणि २०१० सालीं तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानें असा निवाडा दिला कीं विशेष धोका असल्यावांचून ती पाटी लावतां येणार नाहीं. म्हणजे सायकल हें वाहन, हें तत्त्व कागदावर असूनहि त्यासाठीं लोकांना भांडावें लागलें. शिवाय उजवीकडे वळणारी मालमोटार हा आजहि सायकलस्वाराचा काळच आहे. चालकास आरशांत न दिसणाऱ्या जागेंत तो सांपडतो. साडेतीन टनांवरील वाहनानें शहरांत असें वळण, सरळ जाणारे सायकलस्वार असण्याचा संभव असेल तेथें, माणसाच्या चालीनें घ्यावें असा नियम २०२० सालीं झाला; तरी शहाण्यानें त्या वाहनाच्या बाजूस उभें न राहतां मागेंच थांबावें. डोक्यावर शिरस्त्राण घालण्याची तिकडे सक्ति नाहीं, आणि पुष्कळ लोक घालीत नाहींत. येथें मी त्यांच्याशीं सहमत नाहीं.

तीन ऑक्टोबर हा जर्मनीच्या एकीकरणाचा राष्ट्रीय दिन. त्या दिवशीं म्यून्स्टरला सायकलींची मोठी शर्यत असते. ती २००६ पासून चालू आहे. भोंवतालच्या सपाट मुलुखांतून नामांकित शर्यतवाले वाऱ्यासारखे येतात व रस्ते त्यांच्यासाठीं बंद असतात. मुलें कठड्यावरून ओरडत असतात. मला मात्र दुसऱ्या दिवसाचें दृश्य अधिक आवडलें. तशाच बारीक टायरच्या सायकली, तसेच घट्ट कपडे, पण चौकांत तांबडा दिवा लागतांच सर्व तरुण एक पाय जमिनीवर टेकून उभे! पंधरांहून अधिक सायकलस्वार एकत्र जात असतील तर त्यांस दोन-दोनांच्या रांगेनें एक पथक म्हणून जातां येतें, आणि पहिला हिरव्या दिव्यावर निघाला तर दिवा बदलला तरी सर्व पथक मागोमाग जाऊं शकतें. कायदा त्यांस एक लांब वाहनच समजतो.

'तिकडचे रस्ते निराळे, आमचे निराळे,' असें पालक म्हणतील. खरें आहे. परंतु मागचा दिवा लावण्यास, ब्रेकचे रबर बदलण्यास, आपल्या बाजूनें जाण्यास रुंद रस्ता लागत नाहीं. आपल्या शाळेच्या फाटकापाशीं उभ्या असलेल्या सायकली एकदां फिरून पाहाव्यात. किती सायकलींस दोन्ही ब्रेक आहेत? आणि ज्या घरीं 'सायकल धोक्याची' म्हणून चौदा वर्षांच्या मुलाच्या हातीं स्कूटर दिली जाते, त्यांस काय म्हणावें? २०१९ च्या दुरुस्तीनंतर आपल्या देशाच्या कायद्यांतहि अशा अपराधासाठीं पालकास पंचवीस हजार रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. माझी सूचना एवढीच कीं, पुढील वर्षीं जून महिन्यांत एका शनिवारीं शाळेनें मुलांच्या सायकलींची तपासणी ठेवावी, मुलांकडूनच एकेक पंक्चर काढवून घ्यावें, व मैदानावर चुन्याचा चौक आंखून त्यांची परीक्षा घ्यावी. पालकांनीं येऊन पाहावें. परीक्षक म्हणून मी उभा राहीन. दंड भरल्याचा अनुभव गांठीशीं आहेच.

निघण्याच्या दिवशीं मीं आजीबाईंची सायकल पुसून परत दिली. तार जोडल्याचें व ठिगळ लावल्याचें मुद्दाम सांगितलें नाहीं. त्यांच्याच लक्षांत यावें अशी इच्छा होती. त्यांनीं पुढचें चाक उचलून हातानें फिरविलें, मागचा दिवा लागला तो पाहिला, दोन्ही ब्रेक दाबले. मग मागचा टायर दोन बोटांनीं चेपून पाहिला आणि म्हणाल्या, "हवा थोडी कमी आहे." मीं पिशवी खालीं ठेविली आणि पंप आणावयास गेलों.